मासा कोणाला म्हणायचे?

श्रीगोंद्याच्या बाजारात मासळीच्या ओळीत दोन प्रकारचा माल दिसतो. एकीकडे नदीचा आणि तलावाचा ओला मासा असतो: रोहू, कटला, चिलापी, मरळ, वाम, शिंगाळा. दुसरीकडे कोकणातून आलेली सुकी मासळी असते: बोंबील, सुकट, जवळा, सोडे. बर्फाच्या पेटीत कधी पापलेट, बांगडा किंवा मुशीचे तुकडेही असतात. आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो, मासळी. घरी आल्यावर मात्र प्रश्न सुरू होतात. दहावीतली मुलगी विचारते, "जवळा मासा आहे का? पुस्तकात तर वेगळं दिलंय." दादी विचारतात, "वामीला खवले दिसत नाहीत, ती चालते का?" हॉटेलातून आलेल्या 'बोनलेस' तुकड्यांकडे बघून धाकटा विचारतो, "याला काटाच नव्हता का?"

तिघांच्याही प्रश्नांचे मूळ एकच आहे. मासा कोणाला म्हणायचे? बाजारातले नाव या कामी फारसे उपयोगी पडत नाही. तारामासा मासा नाही, देवमासा मासा नाही आणि सापासारखी दिसणारी वाम मात्र अस्सल मासा आहे. खरी ओळख अंगावरच्या खुणांवरून होते आणि त्यातल्या बऱ्याच खुणा मासा साफ करताना आपल्या हाताखालूनच जात असतात. या लेखात आम्ही त्या खुणा एकेक करून सांगणार आहोत. सुरुवात आपल्या तालुक्यातूनच करू.

पेडगावचा मासा

शेख महंमद महाराजांचे श्रीगोंदे सर्वांना ठाऊक आहे. तालुक्याच्या दक्षिणेला भीमेकाठी असलेले पेडगावही तिथल्या भुईकोट किल्ल्यामुळे ठाऊक आहे. पण माशांच्या शास्त्रातही पेडगावचे नाव आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल.

विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी होता. १८२४ पासून काही वर्षे मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची माहिती गोळा करण्याचे काम त्याच्याकडे होते. शेती, लोकसंख्या, हवामान यांच्याबरोबर त्याने इथले पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरचे त्याचे लेखन १८३८ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे आले आणि १८४१ मध्ये चित्रांसह सविस्तर छापले गेले. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड या नद्यांतल्या चाळीसहून अधिक जातींची वर्णने त्यात आहेत.

त्यातल्या एका जातीचे ठिकाण त्याने भीमा नदी, 'पैरगाव' असे दिले आहे. त्या काळचे इंग्रज लेखक पेडगाव असेच लिहीत. चांदीसारखा चकाकणारा, दोन्ही बाजूंनी चपटा, दुभंगलेल्या शेपटीचा हा मासा. सोसायटीचे पहिले सचिव निकोलस व्हिगर्स यांच्यावरून साइक्सने त्याचे नाव ठेवले. आज शास्त्रज्ञ त्याला 'ऑस्टिओब्रामा व्हिगर्साय' म्हणतात. जगात कुठेही या माशाचा अभ्यास करायचा झाला, तर त्याचे मूळ ठिकाण म्हणून भीमाकाठच्या या गावाची नोंद काढावी लागते.

साइक्सची आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. अनेक माशांची लॅटिन नावे त्याने इथल्या माणसांच्या तोंडी असलेल्या नावांवरूनच घडवली. नुक्ता, खुद्री, शिंगाळा, मुल्या, बोगट ही नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत थोड्याफार फरकाने तशीच आहेत. म्हणजे मासे ओळखणारे पहिले जाणकार आपल्या नदीकाठचे मासेमार होते. त्यांना लॅटिन येत नव्हते, पण कोणत्या माशाला मिशा आहेत, कोणाच्या नाकाडावर उंचवटा आहे, कोण दगडाला चिकटून राहतो हे त्यांना नेमके माहीत होते. शास्त्रही हेच करते. नावापाशी न थांबता ते शरीर पाहते.

पाठीतली दोरी

शास्त्राची सुरुवात माशापासून होत नाही, माशाच्या पाठीपासून होते. दहावीच्या विज्ञानात 'समपृष्ठरज्जू' असा जड शब्द येतो आणि मुले घाबरतात. अर्थ मात्र सोपा आहे. पृष्ठरज्जू म्हणजे पाठीच्या बाजूने जाणारी लवचीक, भरीव दोरी. हाडे नसली तरी ती शरीराला ताठ धरते. आयुष्यात कधी ना कधी ज्या प्राण्याच्या पाठीत अशी दोरी असते, तो समपृष्ठरज्जू प्राणी.

या मोठ्या कुळाच्या चार खुणा आहेत. पहिली खूण ही दोरी. दुसरी म्हणजे दोरीच्या वरच्या बाजूने जाणारी पोकळ चेतारज्जू. आपल्या पाठीच्या कण्यातून जाते तीच. तिसरी म्हणजे घशाच्या बाजूंना पडलेल्या फटी किंवा खळगे, ज्यांचे माशांत कल्ले होतात. चौथी म्हणजे गुदद्वाराच्या मागे वाढलेली शेपटी. आईच्या पोटातल्या बाळातही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत या चारही खुणा दिसतात. पुढे शेपटी जिरते, घशाजवळच्या भागांपासून कान व गळ्याचे अवयव घडतात आणि दोरीच्या जागी मणके येतात. दोन मणक्यांमधल्या गादीचा मऊ गाभा हा त्या दोरीचाच अवशेष. 'गादी सरकली' असे डॉक्टर म्हणतात, ती हीच गादी.

या कुळात माशांच्या आधी दोन साधे गट येतात. दोन्ही फक्त समुद्रात राहतात.

पहिला गट पुच्छ-समपृष्ठरज्जूंचा. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडकांना चिकटलेल्या चामड्याच्या छोट्या पिशव्यांसारखे काही दिसते. दाबले की पाण्याची चिळकांडी उडते. यातले काही हे प्राणी असतात. कॉलेजात शिकवला जाणारा हर्डमानिया याच गटातला. मोठेपणी त्याला ना डोके, ना शेपटी, ना दोरी. एका भोकातून पाणी आत घ्यायचे, गाळून अन्न खायचे आणि दुसऱ्या भोकातून पाणी सोडायचे, एवढेच त्याचे काम. कितीतरी काळ शास्त्रज्ञ त्याला कालवा-शिंपल्यांच्या नात्यातला समजत. १८६६ मध्ये कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने त्याचे पिल्लू नीट पाहिले. ते बेडकाच्या पिल्लासारखे पोहणारे होते आणि त्याच्या शेपटीत चक्क पृष्ठरज्जू होता. पिल्लू खडकाला चिकटले की शेपटी आणि दोरी दोन्ही जिरून जातात. दोरी शेपटीतच असते, म्हणून नाव पुच्छ-समपृष्ठरज्जू. आजवर याच्या सुमारे तीन हजार जाती माहीत आहेत.

दुसरा गट शिर-समपृष्ठरज्जूंचा. याचा नमुना म्हणजे अँफिऑक्सस. बोटाएवढा, दोन्ही टोकांना निमुळता, जवळजवळ पारदर्शक. उथळ समुद्राच्या वाळूत तो अंग पुरून बसतो आणि तोंड तेवढे वर ठेवतो. याची दोरी शेपटीपासून थेट डोक्याच्या टोकापर्यंत जाते आणि जन्मभर टिकते. मात्र त्याला कवटी नाही, जबडा नाही, जोडीचे पर नाहीत आणि खरे हृदयही नाही. १७७४ मध्ये पल्लास या शास्त्रज्ञाने तो प्रथम वर्णिला तेव्हा त्याला गोगलगाईच्या जातीचा ठरवले होते. चीनमधल्या शामेन शहराजवळ मात्र लोक तो टोपल्यांनी पकडून खात असत. दिसायला तो मासळीसारखा असला, तरी शास्त्राच्या हिशेबाने तो अजून मासा झालेला नाही.

पुस्तकात बॅलॅनोग्लॉसस नावाचा एक किडाही येतो. पूर्वी त्याला याच कुळात धरत. त्याच्या घशाला फटी आहेत, पण खरा पृष्ठरज्जू नाही. म्हणून आता त्याचा 'अर्धसमपृष्ठरज्जू' हा वेगळा संघ मानतात. मुलांची परीक्षेत इथे हमखास गफलत होते. एकच लक्षात ठेवावे. दोरी खरी असेल तरच कुळात प्रवेश.

जबडा नसलेले

यानंतर कवटी असलेले प्राणी सुरू होतात आणि 'मासा' हा शब्द पहिल्यांदा वापरता येतो. तोही जरा बिचकतच, कारण चक्रमुखी गटातल्या प्राण्यांना जबडाच नसतो.

त्यात लॅम्प्री आणि हॅगफिश हे दोन प्रकार येतात. अंग वामीसारखे लांबट, कातडी गुळगुळीत, खवले नाहीत, जोडीचे पर नाहीत, डोक्यावर एकच नाकपुडी. लॅम्प्रीचे तोंड गोल चोषकासारखे असते आणि आत गोलाकार शिंगी दात असतात. डोळ्यामागे दोन्ही बाजूंना सात-सात उघडी कल्लाछिद्रे बासरीच्या भोकांसारखी ओळीने दिसतात. अनेक लॅम्प्री दुसऱ्या माशाच्या अंगाला चिकटून त्याचे रक्त पितात. हॅगफिश समुद्रतळावरचे मेलेले मासे खातो आणि शत्रूने पकडले की इतका चिकट बुळबुळीत पदार्थ सोडतो की पकडणाऱ्याचे कल्लेच भरून जावेत.

लॅम्प्री थंड प्रदेशातला. भीमेत किंवा गोदावरीत तो नाही, त्यामुळे आपल्या दस्तरखानावर तो येण्याचा प्रश्न नाही. पण त्याची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या वाटेत नायगरा धबधबा असल्याने समुद्री लॅम्प्रीला वर जाता येत नव्हते. माणसाने जहाजांसाठी कालवा काढला आणि त्याला वाट मिळाली. १९२१ मध्ये तो ईरी सरोवरात दिसला, पुढे वरच्या सरोवरांत पसरला आणि तिथल्या ट्राउट माशांची मासेमारी अक्षरशः बुडाली. त्याला आवर घालण्याचा खर्च तिथली सरकारे आजही करीत आहेत. परका मासा एकदा पाण्यात शिरला की काय होते, याचा हा धडा आहे. पुढे आपल्या नदीबद्दल बोलताना तो पुन्हा आठवेल.

मुशी आणि पाकट: कूर्चेचे मासे

आता ओळखीचे मासे सुरू होतात. मुशी म्हणजे शार्क. पाकट आणि वागळी म्हणजे चपटे, लांब शेपटीचे रे मासे. यांचा वर्ग कूर्चामत्स्यांचा. आपल्या कानाची पाळी वाकते तशी लवचीक कूर्चा यांच्या सबंध सांगाड्यात असते. खरे हाड कुठेच नाही. मुशीच्या तुकड्यात मध्ये मऊ चकती लागते, टोचणारा काटा लागत नाही, म्हणून लहान मुलांना ती देणे सोपे जाते.

बाकी खुणा बाजारातच तपासता येतात. मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला, तर पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागते. तिचे खवले म्हणजे बारीक दातच असतात. तोंड डोक्याच्या टोकाला नसून खालच्या बाजूला असते. कल्ल्यांवर झाकण नसते. मुशीच्या मानेवर दोन्ही बाजूंना पाच ते सात फटी उघड्या दिसतात, पाकटीत त्या पोटाच्या बाजूला असतात. मुशीच्या शेपटीचा वरचा फाटा खालच्यापेक्षा लांब असतो. पोट उघडले तर हवेचा फुगा सापडत नाही, त्याऐवजी भलेमोठे तेलकट यकृत निघते. तेच तिला पाण्यात हलके ठेवते. नराच्या पोटाच्या परांना दोन लांबट दांडे असतात, कारण या माशांत फलन मादीच्या शरीरातच होते. कितीतरी मुशी अंडी न घालता थेट पिल्ले देतात.

स्वयंपाकघरातली खूणही सांगतो. समुद्राच्या खारट पाण्यात टिकाव धरण्यासाठी हे मासे रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवतात. मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. मुशीला नवसागरासारखा उग्र वास आला, तर ती ताजी नाही हे समजावे. कोकणात मुशीच्या रश्श्याला आंबट घालतात. आंबटाने तो वास मरतो, पण शिळेपणा जात नाही. किनाऱ्यापासून आपल्या तालुक्यापर्यंत येईतो दिवस जातात, म्हणून मुशी घेताना नाकावर विश्वास ठेवावा.

या वर्गाच्या बाराशेच्या आसपास जाती आहेत. त्यांना पिल्ले कमी होतात आणि वाढायला वर्षे लागतात. त्यामुळे फार पकडले की ते लवकर संपतात. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा आणि करवतीसारख्या सोंडेचा करवतमासा यांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. ते पकडणे वाघ मारण्याइतकाच गंभीर गुन्हा आहे.

काट्याचे मासे

उरलेले जवळजवळ सगळे मासे अस्थिमत्स्य, म्हणजे हाडाचे. रोहू, कटला, मरळ, वाम, पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील हे सारे यातलेच. याच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत.

पहिली खूण कल्ल्यांवरचे झाकण. ते उचलून लाल कल्ले पाहून आपण ताजेपणा ठरवतो. मुशीला हे झाकण नाही, हाडाच्या प्रत्येक माशाला आहे. तोंड बहुधा टोकाला असते. बहुतेकांच्या शेपटीचे दोन्ही फाटे सारखे असतात. खवले असतील तर ते कौलांसारखे एकावर एक बसवलेले आणि नखाने निघणारे असतात. झाडाच्या खोडासारखी त्यांवर वाढीची वलये असतात आणि त्यावरून माशाचे वय काढता येते. पोटात बहुधा पांढरा हवेचा फुगा असतो. मुले तो पायाखाली फोडतात. मासा त्यातली हवा कमी-जास्त करून पाण्यात हव्या त्या खोलीवर तरंगतो. पालघरच्या बाजूला घोळ माशाचा हाच फुगा 'बोत' म्हणून माशापेक्षा महाग विकला जातो.

या वर्गात दोन शाखा आहेत. बहुसंख्य माशांचे पर पंख्यासारख्या बारीक काड्यांवर ताणलेले असतात. दुसऱ्या शाखेतल्या माशांचे पर मांसल, दांड्यासारखे असतात आणि आत हाडे असतात. फुप्फुसांनी श्वास घेणारे आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले मासे यातले. सीलाकँथ हाही त्यातलाच. तो कोट्यवधी वर्षांपूर्वी संपला असे शास्त्रज्ञ मानत होते. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मच्छीमारांच्या जाळ्यात एक विचित्र निळा मासा आला. मार्जरी कोर्टने-लॅटिमर या संग्रहालयात काम करणाऱ्या तरुणीला तो वेगळा वाटला. तिने त्याचे चित्र काढून जाणकाराला पाठवले आणि जगाला कळले की सीलाकँथ जिवंत आहे. माशाच्या ढिगातून एक मासा वेगळा दिसणे, एवढ्यावरच हा सगळा शोध उभा राहिला.

पाटीतली परीक्षा

आता या खुणा घेऊन पुन्हा बाजारात येऊ.

वाम सापासारखी दिसते, पण तिला कल्ले आहेत, झाकण आहे, पाठीवर बारीक काट्यांची रांग आहे आणि आत हाडांचा कणा आहे. ती हाडाचा मासा आहे. तिला खवलेही आहेत, इतके बारीक की भिंगाखाली पाहावे लागतात. शिंगाळ्याला मिशा आहेत आणि खवले अजिबात नाहीत, तरी झाकण, फुगा आणि हाडे सांगतात की तोही मासाच. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते, कारण ती हवेतूनही श्वास घेऊ शकते. बोंबील मऊ लागतो, पण तो मुशीच्या वर्गातला नव्हे. त्याची हाडेच नाजूक असतात. हॉटेलातला 'बासा' म्हणजे व्हिएतनामकडचा, तलावात वाढवलेला, मिशांचा आणि बिनखवल्यांचा मासा. त्याला काटे असतातच, तुकडे करताना काढलेले असतात.

जवळा, सुकट, सोडे, कोळंबी, खेकडा यांना पाठीत दोरी नाही, कणा नाही, आत हाड नाही. कवच बाहेर आहे आणि पाय सांध्यांचे आहेत. शास्त्राच्या हिशेबाने ते कीटकांच्या मोठ्या संघात येतात, माशांच्या नव्हे. माकुल आणि कालवे गोगलगाईच्या संघातली. तारामासा आणखी वेगळ्या संघातला.

देवमासा दोरीच्या कुळातला आहे, पण मासा नाही. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो. एक सोपी खूण आहे. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते, देवमाशाची आडवी असते आणि खाली-वर हलते.

दस्तरखानावरचा प्रश्न

आता दादींचा प्रश्न. समुद्राची शिकार हलाल असल्याचे सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत आले आहे. तिच्या तपशिलात मात्र इमामांची मते वेगवेगळी आहेत आणि आपल्या महाराष्ट्रात ती सारी घराघरांत पाहायला मिळतात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई आहेत. त्यांच्याकडे समुद्रातल्या जीवांबाबत बरीच मोकळीक आहे. देशावरची आपली बहुतेक घरे हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा हलाल मानला जातो, म्हणून तिथे 'मासा कोणाला म्हणायचे' हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. शिया आणि बोहरा घरांत खवले असलेलाच मासा चालतो.

वामीचा उल्लेख जुन्या ग्रंथांतही सापडतो. मर्गीनानींच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात 'मारमाही' चालते असे आहे. फारसीत मार म्हणजे साप आणि माही म्हणजे मासा. सापासारख्या दिसणाऱ्या माशाबद्दलची शंका इतकी जुनी आहे. कोळंबीबद्दल हनफी उलमांमध्येच दोन मते आहेत. चौदाव्या शतकातल्या इजिप्तमधल्या दमीरी यांनी 'हयातुल हयवान' या प्राणिकोशात कोळंबीला मासा म्हटले आहे. त्या आधारावर मौलाना अशरफ अली थानवी यांनी ती जायज सांगितली. दुसऱ्या काही उलमांनी मात्र ती टाळावी असे म्हटले आहे.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शास्त्रज्ञाचा 'मासा' आणि फिकहचा 'मासा' हे शब्द एकाच मापाने मोजलेले नाहीत. शास्त्र शरीराची रचना पाहते. फिकहमध्ये भाषेचा वापर आणि लोकांचा उर्फही पाहिला जातो. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या तुकडीने उपासमारीत किनाऱ्यावर आलेल्या 'अंबर' नावाच्या प्रचंड जीवाचे मांस कित्येक दिवस खाल्ले, हे हदीसमध्ये आहे. तो जीव बहुधा देवमाशाच्या जातीचा असावा, पण अरबीत त्यालाही 'हूत' म्हणजे मासाच म्हटले गेले. म्हणून दहावीच्या पुस्तकावरून फतवा काढू नये आणि फतव्यावरून परीक्षेत उत्तर लिहू नये. घरात आपल्या मसलकाप्रमाणे विश्वासू आलिमांना विचारावे. विचारताना 'ती बारीक मासळी' असे न म्हणता तिला कल्ले आहेत की पाय, खवले आहेत की कवच, हे सांगितले, तर त्यांनाही उत्तर देणे सोपे जाते.

आणखी एक. आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासा हनफी मसलकात खात नाहीत. नदीचे पाणी बिघडल्यावर असे मासे थराने काठाला लागतात आणि कोणी ते स्वस्तात विकायला आणते. आरोग्याच्या दृष्टीनेही ते घरात आणू नयेत.

आपल्या नदीचे मासे

साइक्सने भीमा पाहिली तेव्हा तिच्यावर उजनीचे धरण नव्हते आणि पुणे-पिंपरीचे सांडपाणी तिच्यात येत नव्हते. रोहू, कटला हे गंगेच्या खोऱ्यातले मासेही इथे नव्हते. ते पुढे बीज सोडून वाढवले गेले. चिलापी तर मूळची आफ्रिकेतली. ती १९५२ मध्ये भारतात आली आणि आज उजनीची ओळख बनली आहे. या माशांनी अनेकांच्या चुली पेटवल्या, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच पाण्यात नुक्ता, खुद्री, मुल्या हेही राहत होते. त्यांना वाहते पाणी, खडक आणि वाळू लागते. वाळूचा उपसा झाला की अंडी घालायची जागाच जाते.

आफ्रिकन मांगूर हा त्याहून मोठा धोका आहे. बिनखवल्यांचा, चार जोड्या मिशांचा, लांब पाठपराचा हा मासा घाणेरड्या पाण्यातही झपाट्याने वाढतो आणि दुसरे मासे खातो. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादाचेही तसे आदेश आहेत. तरी चोरून तळी केली जातात. पुरात एक तळे फुटले की तो नदीत जातो. लॅम्प्रीची गोष्ट इथे आठवावी.

चांगल्या हेतूनेही चूक होऊ शकते. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याची पैदास होते आणि त्यामुळे हा मासा टिकायला मोठी मदत झाली. पण तिथली पिल्ले दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली आणि तिथल्या मूळच्या कुबडवाल्या महसीराची जागा त्यांनी व्यापली. एका नदीतला मोलाचा मासा दुसऱ्या नदीत परका ठरतो. म्हणून आपल्या पाण्यात मूळचे कोण आहे, हे आधी माहीत असायला हवे.

घरात करून पाहण्यासारखे

पुढच्या वेळी मासा आणाल, तेव्हा साफ करण्याआधी मुलांना जवळ बोलवा. कल्ल्यावर झाकण आहे का? तोंड टोकाला आहे की खाली? खवले कौलांसारखे आहेत, खरखरीत आहेत की नाहीतच? शेपटीचे फाटे सारखे आहेत का? पोटात फुगा निघतो का? आत हाड आहे की मऊ कूर्चा? एवढ्या सहा प्रश्नांत तो कोणत्या वर्गातला ते कळते आणि परीक्षेतले अर्धे पान मुलांच्या लक्षात राहते.

पेडगाव, विसापूर किंवा घोडच्या काठी कोणी नातेवाईक असतील, तर तिथल्या वयस्कर मासेमारांना माशांची जुनी नावे विचारा. मुलांना वहीत माशाचे चित्र, अंगावरच्या खुणा आणि नाव लिहून ठेवायला सांगा. साइक्सनेही काठावरच्या माणसांना विचारूनच नावे लिहिली होती. ती माणसे गेली की नावे जातात. ज्या माशाचे नावच कोणाला ठाऊक नाही, तो नदीतून नाहीसा झाला तरी कोणाला कळत नाही. अल्लाहने या पाण्यात जे निर्माण केले, ते आधी ओळखले तरच त्याची अमानत सांभाळता येईल.